कोलाज आणि मिक्स मीडिया: फेविकॉल लावला म्हणजे झालं का?

एक पोट्टा स्टिल लाइफ, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तूंचं चित्र, करून आणतो अन् खाली लिहितो 'मिक्स मीडिया', काहून तर गडव्याच्या मागं पेपरचं कात्रण चिकटवलं आहे. दुसरा कोळसा वापरतो, मेणबत्ती घासतो, वरून जलरंग फिरवतो, अन् मग भीत भीत विचारतो की सर याला मिक्स मीडिया म्हणता येईल का, यात तर काही चिकटवलंच नाही. खरं मिक्स मीडिया दुसऱ्याचंच आहे. पहिल्याचं कोलाज आहे, अन् तेही धड आहे का नाही ते त्या कात्रणाकडे पाहिल्यावरच कळते.

मिक्स मीडिया म्हणजे एकाच चित्रात दोन किंवा जास्त माध्यमं. कोलाज म्हणजे तयार तुकडे चिकटवून केलेलं काम, मग तो कागद असो, कापड असो की खताच्या गोणीचा तुकडा. रंगवलेल्या चित्रावर तुकडा लावला तर ते व्याख्येनं दोन्हीमध्ये मोडते, म्हणून तर घोळ होते. नुसत्या कागदांचं असेल तर सरळ कोलाज म्हणा. पण शिकणाऱ्याला या व्याख्येचा फार उपयोग नाही. कामाचा फरक असा की मिक्स मीडियात माध्यमं एकमेकांशी वागतात, मेण पाण्याला हाकलते, कोळसा ओल्या रंगात मिसळून मळकट होते, वॉटरप्रूफ शाई तशीच राहते अन् साधी पेनची शाई फुटते. कोलाजमध्ये तुकडा स्वतःची ओळख घेऊन येतो, बियाण्याच्या पाकिटाचा तुकडा लावला तर तो चित्रात गेल्यावरही बियाण्याचं पाकीटच राहते, अन् तुम्हाला ती ओळख वापरायची आहे का नाही हे आधी ठरवावं लागते.

घरातलीच मांडणी घ्या. भिंतीला टेकवलेलं सूप, पुढं पितळी गडवा, दोन संत्री, अन् पऱ्हाटीची एक फांदी, फुटलेल्या बोंडासकट. दाराच्या उजेडात बसाल तर वस्तूंभोवती खडूनं खुणा करून ठेवा, कोणी ना कोणी येऊन गडवा हलवतेच, अन् उन्हाची पट्टी तासाभरात सरकते म्हणून सावल्यांच्या कडा पहिल्यांदा मारून घ्या. इथपर्यंत दोन्ही रस्ते एकच आहेत. बघून काढलेलं ड्रॉइंग कच्चं असेल तर वर मेण घासा नाहीतर सोनेरी कागद लावा, गडव्याचं तोंड वाकडं ते वाकडंच.

आता सूप मिक्स मीडियात कसं होते ते पहा. बांबूच्या पट्ट्या एकाआड एक वर-खाली जातात, अन् जिथं पट्टी वर येते तिथं उजेड पकडते. फक्त तेवढ्याच जागी साध्या पांढऱ्या मेणबत्तीनं रेघ ओढा. पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही, म्हणून कागद उजेडाकडे तिरपा धरून पहावं लागते, मग मेणाची चमक दिसते. त्यावर बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचा वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात पातळ केलेला रंग, सोडला की रंग मेणावरून पळते अन् खाचांमध्ये जाऊन बसते, विण आपोआप उभी राहते. वाळल्यावर काठाला निबनं काळी शाई. हे 'आपोआप' म्हटलं तरी मेण घासलं की परत जात नाही, म्हणून घासायच्या आधी पट्ट्या मोजाव्या लागतात, नुसतं अंदाजानं जाळी मारली तर ते सूप न वाटता क्रिकेटचं नेट वाटते. संत्र्यालाही हेच चालते, पिवळ्या ऑइल पेस्टलचे (तेलकट रंगखडूचे) ठिपके देऊन वरून नारिंगी वॉश. फक्त आपलं संत्रं चेंडूसारखं गोल काढू नका, साल ढिली असते, देठाजवळ थोडं फुगलेलं अन् सुरकुतलेलं असते.

हेन्री मूर या इंग्रज शिल्पकारानं 1940-41 मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना भुयारी रेल्वेच्या स्टेशनात झोपलेली माणसं काढली, ती याच पद्धतीनं, मेणाचे खडू, त्यावर जलरंग अन् शाई. एकही तुकडा चिकटवलेला नाही अन् मिक्स मीडिया शिकायला यापेक्षा चांगली चित्रं मला तरी सापडली नाहीत.

कोलाजची गोष्ट 1912 ची. पिकासोनं खुर्ची असलेलं एक स्टिल लाइफ केलं, त्यात वेताच्या विणीचा भाग रंगवला नाही, तर वेताची विण छापलेलं ऑइलक्लॉथ (मेणकापड) चिकटवलं, अन् लंबगोल चित्राला फ्रेम म्हणून खरा दोर गुंडाळला. त्याच वर्षी त्याचा चित्रकार मित्र ब्राक यानं लाकडाच्या रेषा छापलेला वॉलपेपर दुकानातून आणला, कापून लावला अन् त्यावर कोळशानं फळांचं भांडं अन् ग्लास काढला. इथं एक गोष्ट पोट्टे सोडून देतात. पिकासोनं खरा वेत लावला नाही, ब्राकनं खरं लाकूड लावलं नाही. दोघांनीही त्या वस्तूचं छापील सोंग लावलं, म्हणजे पाहणाऱ्याला खरं काय अन् काढलेलं काय असा प्रश्न पडावा.

म्हणून बोंडाच्या जागी खरा कापूस फेविकॉलनं चिकटवून आणणाऱ्यांवर माझा राग आहे. प्रदर्शनात लोक वा वा करतात, हात लावून पाहतात, पण चित्रात ते ना कोलाजचं काम करते ना मिक्स मीडियाचं. सगळ्यात कठीण काम म्हणजे पांढऱ्या कापसातल्या करड्या सावल्या पाहणं, अन् तेच टाळलेलं असते. कापूस कोलाजमध्ये घ्यायचाच असेल तर पेपरमधल्या बाजारभावाच्या पानाचा तुकडा फाडा, त्याचा करडा टोन (गडद-फिकी छटा) बोंडाच्या सावलीच्या बाजूला बसवा, उजेडाची बाजू कोरी सोडा. मग छापील आकडेही वाचता येतात अन् बोंडाचा गोलपणाही दिसते. तुकडा टोनसाठी लागला पाहिजे, अर्थ तर तो स्वतःच घेऊन येते.

एक मधली जागाही आहे. पातळ कागद सुपावर ठेवून वरून पेन्सिल नाहीतर कोळसा घासला की विणीचा ठसा येते, मॅक्स अर्न्स्ट हा जर्मन चित्रकार 1925 पासून लाकडी फरशीवर असे ठसे घेत होता. हा ठसा तसाच चित्राचा भाग ठेवला तर ते ड्रॉइंगच, पण कापून दुसऱ्या कागदावर लावला की कोलाज. मला हा प्रकार लय आवडतो, कारण तुकडा बाजारातून आणावा लागत नाही, आपल्याच सुपातून निघते.

सामानाचं थोडं. जिथं पाणी लागणार तिथं कागद 300 जीएसएमचा (म्हणजे जाड) घ्या, साधा ड्रॉइंग पेपर लहरी मारते. कोळशावर जलरंग द्यायचा तर आधी फिक्सेटिव्ह (कोळसा धरून ठेवणारा फवारा) मारा. ॲक्रिलिकवर ऑइल रंग चालते, ऑइलवर ॲक्रिलिक टिकत नाही, सुटून येते. चिकटवताना फेविकॉलमध्ये थोडं पाणी घाला, मधून कडेकडे दाबत जा, नाहीतर ओला कागद फुगून बुडबुडे राहतात, मग रात्रभर पुस्तकांखाली ठेवा. कणकेची खळ उन्हाळ्यात ठीक, पावसाळ्यात तिला बुरशी येते अन् कसर कागद खाते. पेपरचं कात्रण पिवळं पडणारच, त्यात लाकडाचं लिग्निन असते, ते उजेडात रंग बदलते, तर तो पिवळेपणा चालणार असेल तरच वापरा.

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या स्थिरचित्राच्या पेपरात हे प्रयोग नका करू, तिथं समोरची मांडणी पाहून रंगवायची असते. पुढं कुठं पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक कामाचा संच, लावाल तेव्हा मात्र चित्राखाली नुसतं 'मिक्स मीडिया' लिहू नका. एकावर 'कागदावर मेण, जलरंग व शाई' लिहा, दुसऱ्यावर 'कागदावर कोळसा व चिकटवलेलं वर्तमानपत्र', अन् जे साहित्य आधी वापरलं त्याचं नाव आधी.