खपली गहू
खपली हा मळणीनंतरही दाण्यावरचे टरफल न सोडणारा प्राचीन गहू असून त्याचे शास्त्रीय नाव ट्रिटिकम डायकॉकम असे आहे. पश्चिम आशियातील रानटी एमर गहू माणसाने सुमारे १०,००० वर्षांपूर्वी लागवडीखाली आणला, त्याचाच हा वारसा होय. भारतात तो मुख्यतः उत्तर कर्नाटक, सांगली, कोल्हापूर, सातारा व सोलापूर हा दक्षिण महाराष्ट्राचा पट्टा, सौराष्ट्राचा किनारा आणि तमिळनाडूचा काही भाग येथे टिकून राहिला. महाराष्ट्रात त्याला जोड गहू असेही म्हणतात.

या गव्हाचे दाणे लांबट, तांबूस व कठीण असतात आणि ओंबीच्या प्रत्येक कणिशकात (ओंबीतील दाण्यांच्या छोट्या घोसात) बहुधा दोन दाणे भरतात. टरफलामुळे साठवणीत किडीचा उपद्रव कमी होतो. मात्र दाणा मोकळा करण्यासाठी कांडणाचा वेगळा खटाटोप करावा लागतो, आणि साध्या मळणीने मोकळे होणाऱ्या गव्हापुढे खपली मागे पडण्याचे हे एक मोठे कारण आहे. जुने स्थानिक वाण उंच वाढत, त्यामुळे पाणी व खत भरपूर मिळाले की पीक लोळत असे.

खपलीचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य म्हणजे तांबेरा या बुरशीजन्य रोगाला दाद न देण्याची क्षमता. दक्षिण भारतात उबदार हवेमुळे आणि निलगिरी व पळणी डोंगरांत तग धरणाऱ्या बुरशीमुळे तांबेऱ्याचा धोका मोठा असतो, आणि अशा प्रदेशात हे पीक तग धरू शकले यात या क्षमतेचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतील वनस्पतिरोगतज्ज्ञ स्टॅकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी खोडावरील तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी १९२२ मध्ये जो १२ गव्हांचा संच ठरवला त्यात खपलीचा समावेश होता. ऑस्ट्रेलियात शास्त्रज्ञ वॉटरहाउस यांनी खपलीची प्रतिकारशक्ती चपातीच्या गव्हात उतरवून ‘खपस्टाइन’ हा वाण तयार केला. खपलीतून मिळालेला ‘एसआर १३’ हा जनुक युगांडात १९९८ मध्ये आढळलेल्या ‘युजी ९९’ या घातक तांबेऱ्यालाही रोखतो. ज्या पिकाकडे आपल्याकडे दीर्घकाळ केवळ कमी उत्पादनाचे म्हणून पाहिले गेले, त्याचे हे योगदान अधिक ठळकपणे सांगितले जायला हवे.

चपातीच्या गव्हात ४२ गुणसूत्रे असतात, तर खपली आणि शेवया-रव्यासाठी वापरला जाणारा ड्युरम गहू या दोहोंत २८. त्यामुळे चपातीच्या गव्हाशी संकर अवघड जातो व पहिल्या पिढीत वंध्यत्व येते, तर ड्युरमशी तो सहज जुळतो. धारवाड येथील कृषी विद्यापीठाने या मार्गाने ड्युरममधील बुटकेपणा खपलीत आणला, आणि त्यातून ‘डीडीके’ मालिकेतील वाण पुढे आले. तमिळनाडूत निलगिरीतील वेलिंग्टन येथील गहू संशोधन केंद्राने ‘एनपी २०१’ या जुन्या वाणावर किरणोत्सर्गाची प्रक्रिया करून ‘एचडब्ल्यू १०९८’ हा बुटका वाण मिळवला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा ‘एमएसीएस २९७१’ हाही बुटका वाण आहे. बुटकेपणामुळे पीक लोळत नाही आणि सिंचनाचा व खताचा लाभ दाण्यात उतरतो. दाण्याची प्रत आणि तांबेऱ्याचा प्रतिकार न गमावता हे साधणे ही या पैदाशीतील खरी कसोटी होती.

खपलीची खीर, पुरणपोळी, शेवया व रवा यांना दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात विशेष मागणी असते. त्यात प्रथिने व तंतुमय घटक चांगल्या प्रमाणात असतात, परंतु ग्लुटेन हे गव्हातील चिकट प्रथिनही असते. त्यामुळे सीलिअक विकार (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असणाऱ्यांनी तो खाणे सुरक्षित नाही.