भांडण लावणारी क्रियापदं

‘धिस डिले मेड अ डिसअ‍ॅग्रीमेंट.’ माझ्या हाताखालच्या एका मुलाने क्लायंटच्या मेलात हे वाक्य लिहिलं होतं. व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही, तरी ते खटकतं. चुकलं काय, असं त्याने विचारल्यावर मी मराठीकडे वळलो. आपण हुज्जत घालतो, भांडण जुंपतं, वितुष्ट येतं. ‘वितुष्ट जुंपलं’ म्हटलं तर शेंबडं पोरही हसेल, आणि हा नियम आपल्याला कुणी शिकवलेला नसतो.

शब्दांच्या या ठरलेल्या जोड्यांना इंग्रजीत कोलोकेशन म्हणतात. शब्द ओळखायचा तर त्याची संगत बघा, असं ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1957 साली लिहिलं. (हे गृहस्थ 1919 ते 1928 लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते.) पुढे जॉन सिंक्लेअर यांनी बर्मिंगहॅममध्ये खऱ्याखुऱ्या लिखाणाचा आणि बोलण्याचा प्रचंड साठा संगणकात भरला आणि त्यावरून 1987 मध्ये कोबिल्ड शब्दकोश काढला.

पण जोडी खरी की योगायोगाची, हे संगणकाला कसं कळतं? समजा, साठ्यात 10 कोटी शब्द आहेत. एक शब्द 1,000 वेळा येतो, दुसरा 10,000 वेळा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसेल, तर दुसरा पहिल्याच्या लगेच पुढे सरासरी 0.1 वेळा यावा, म्हणजे जवळपास नाहीच. प्रत्यक्षात तो 50 वेळा आला, तर ते अपेक्षेच्या 500 पट झालं. या पटीचा 2 पायाचा लॉगरिदम घेतला, म्हणजे 2 चा कितवा घात 500 होतो ते बघितलं, की सुमारे 9 येतात. या मापाला म्युच्युअल इन्फर्मेशन म्हणतात. 1990 मध्ये चर्च आणि हँक्स यांनी ते शब्दकोशाच्या कामासाठी मांडलं. एक खोट मात्र आहे: दुर्मीळ शब्द दोनचारदा जरी शेजारी आले तरी हा आकडा फुगतो.

मोजणी सुरू झाल्यावर गमती बाहेर आल्या. ‘कॉज’ हे क्रियापद आपण साधंसुधं समजतो. मायकेल स्टब्स यांनी 1995 मध्ये दाखवलं की त्याच्या शेजारी बहुतेक वेळा प्रॉब्लेम, डॅमेज, डेथ, पेन अशीच मंडळी असतात. म्हणजे शब्दाला संगतीचा डाग लागतो. आपल्या ‘कारणीभूत’चंही तेच. अपघाताला चालक कारणीभूत असतो. मुलीच्या नव्वद टक्क्यांना ‘शिकवणी कारणीभूत’ म्हणून बघा!

मतभेदांच्या बाबतीत तर क्रियापद निवडतानाच दोषी ठरून जातो. ‘सो डिसकॉर्ड’ म्हणजे कुणीतरी मुद्दाम बी पेरलं. आपण त्याला कळ लावणं म्हणतो. ‘ड्राइव्ह अ वेज’मध्ये लाकूड फोडायची पाचर आहे, म्हणजे दोघं आधी एकसंध होते. ‘स्पार्क अ रो’, म्हणजे वादाची ठिणगी, मथळ्यांना फार प्रिय. ठिणगी पडली म्हणताना दारू आधीच पसरलेली होती, हे न बोलता सांगून होतं. ‘फ्युएल’ म्हणजे आपलं आगीत तेल. ‘बोन ऑफ कंटेन्शन’मध्ये दोन कुत्रे एका हाडावर तुटून पडलेत, तिथे हाडाचा काय दोष? उलट ‘अ‍ॅपल ऑफ डिसकॉर्ड’ हे ग्रीक पुराणातलं सोनेरी सफरचंद एरिस देवीने लग्नाच्या मेजवानीत मुद्दाम टाकलेलं, ‘सर्वांत सुंदर देवीसाठी’ म्हणून. तीन देवी भांडल्या आणि प्रकरण ट्रॉयच्या युद्धापर्यंत गेलं. आपल्याकडे असला उद्योग नारदाच्या नावावर असतो.

आणि ‘अ‍ॅन आर्ग्युमेंट ब्रोक आउट’ किंवा ‘अ डिस्प्यूट अरोज’? इथे कर्ताच गायब. आपलं ‘थोडं वाजलं’ किंवा ‘त्यांचं बिनसलं’ याच वळणाचं.

हे सगळं ऐकून झाल्यावर मी त्याला ‘अवर डिले लेड टू अ डिसअ‍ॅग्रीमेंट’ असं सुचवलं. संध्याकाळी मेल गेला तेव्हा त्यात ‘अ डिसअ‍ॅग्रीमेंट अरोज’ होतं. उशीर आमच्याच टीमकडून झाला होता, आणि पोरगं हुशार आहे.