किमरिजचा मनोरा २५ मीटर मागे का सरकला

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमधल्या किमरिजच्या उपसागरावर उभा असलेला क्लॅव्हेल टॉवर सुट्टीसाठी भाड्याने मिळतो. दोघांचीच सोय. चार मजले, प्रत्येक मजल्यावर एकच गोल खोली; तळाशी भोवताली खांबांची ओसरी. चहा घ्यायचा तर एका मजल्यावर, झोपायचं तर दुसऱ्या. तरीही आरक्षण फार आधी करावं लागतं.

१८३० च्या सुमारास इथल्या एका जमीनदार पाद्र्याने उतारवयात हा मनोरा हौसेखातर बांधला. पुढे तटरक्षकांनी तो टेहळणीसाठी वापरला, १९१४ पर्यंत. १९३० च्या दशकात आगीत आतलं सगळं जळालं आणि उरलं ते नुसतं दगडी कवच. त्यानंतरची कित्येक दशकं कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

खरा पेच कड्याचा होता. इथला खडक म्हणजे काळसर, पापुद्रे सुटणारा शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला दगड. लाटा पायथा खातात आणि वरचा भाग ढासळतो. बांधला तेव्हा कड्यापासून बराच आत असलेला मनोरा या शतकाच्या सुरुवातीला अगदी काठाशी येऊन ठेपला. मग कड्याला संरक्षक भिंत का घातली नाही? कारण भूशास्त्राच्या दृष्टीने मनोऱ्यापेक्षा कडाच मोलाचा. ज्युरासिक काळातल्या एका टप्प्याला याच गावाचं नाव आहे, आणि २००१ पासून हा किनारा जागतिक वारशाच्या यादीत आहे. ताजा थर उघडा पडत राहणं हेच त्याचं महत्त्व. भिंत घातली की वास्तू वाचणार, पण खडक झाकला जाणार.

म्हणजे दोनच वाटा उरल्या: पडू द्यायचा, नाहीतर हलवायचा. हलवण्याला तात्त्विक विरोध जुना आहे. वास्तू तिच्या जागेशी बांधलेली असते, उचलून दुसरीकडे मांडली की ती नुसती प्रतिकृती उरते, ही भूमिका इंग्लंडमधल्या जतनवाद्यांमध्ये १८७७ पासून, म्हणजे जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी तिथे संस्था निघाली तेव्हापासून, मुरलेली आहे. सरसकट कुठलंही घर उचलून न्यायची मोकळीक दिली तर रस्तेवाले आणि बिल्डर तिचा काय वापर करतील हे सांगायला नको, त्यामुळे हा आक्षेप उगाच नाही. पण इथे तो ताणल्यासारखा वाटतो. मनोरा बांधला तो समुद्र पाहण्यासाठी; २५ मीटर मागे जाऊनही तोच समुद्र दिसतो. शिवाय १९९९ मध्ये पूर्व ससेक्समधलं बेल टाउट दीपगृह १७ मीटर मागे सरकवलं होतं, तेही कड्याच्याच भीतीने. ते जॅकवर उचलून, रुळांवरून अख्खंच्या अख्खं ढकललं होतं. क्लॅव्हेल टॉवर मात्र २००६ पासून एकेक दगड उतरवून काढला: १६ हजारांहून जास्त दगड, प्रत्येकावर क्रमांक. नव्या पायावर ते त्याच क्रमाने रचून २००८ मध्ये काम संपलं. खर्च सुमारे ९ लाख पौंड.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र खोडता येत नाही. आगीत लाकूडकाम गेलंच होतं, त्यामुळे पाहुणा ज्या जिन्याने चढतो आणि ज्या जमिनीवर पाय ठेवतो ते या शतकातलं आहे. जुनं आहे ते बाहेरचं.

भाड्याची कल्पना या मनोऱ्यासाठी निघालेली नाही. हे काम करणारी लँडमार्क ट्रस्ट ही धर्मादाय संस्था १९६५ ची. कालव्याकाठची घरं, टेहळणी बुरूज अशा ज्या वास्तू संग्रहालयाला अपुऱ्या आणि संसाराला अडचणीच्या, त्या दुरुस्त करायच्या, काही रात्रींसाठी द्यायच्या आणि भाड्यातून डागडुजी चालवायची, असा तिचा हिशेब. टीव्ही ठेवायचा नाही हाही तिचा नियम. बेल टाउटमध्येही २०१० पासून पाहुणे उतरतात, पण तिथला कडाही थांबलेला नाही. दीपगृह पुन्हा सरकवता यावं अशी सोय त्याच्या पायातच करून ठेवली आहे.