जठराच्या कर्करोगाचे लवकर निदान आणि कृत्रिम बुद्धिमत्ता (ग्रामीण विदर्भ)

जठराचा कर्करोग श्लेष्मल (सर्वांत आतले अस्तर) व अधःश्लेष्मल (त्याच्या लगतचा) थरापुरता मर्यादित असतानाच सापडला, तर उपचारानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर जाते. तो या अवस्थेत हाती लागावा म्हणून एन्डोस्कोपीच्या, म्हणजे ‘दुर्बिणीच्या’ तपासणीत कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली जाऊ लागली आहे.

सुरुवातीला गाठ अशी नसतेच. अस्तरावर किंचित लाली, एखादा फिकट चट्टा किंवा मध्येच तुटलेली वळी एवढेच दिसते, आणि जुनाट जठरदाहातही (अस्तराच्या दीर्घकाळच्या सुजेतही) असेच दिसत असल्याने अनुभवी नजरेतूनही ते निसटते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात १३,५८४ चित्रांवर शिकवलेल्या प्रणालीने २,२९६ चित्रे ४७ सेकंदांत तपासून ७७ पैकी ७१ कर्करोग ओळखले. मात्र तिने संशयित ठरवलेल्या जागांपैकी जेमतेम ३१ टक्केच खऱ्या निघाल्या, त्यामुळे तुकडा काढून तपासणे सुटत नाही. वूहान येथील प्रणाली जठराचा कोणता भाग पाहायचा राहिला हे तपासणी चालू असतानाच दाखवते. २०१९ च्या चाचणीत असे राहून गेलेले भाग तिच्यामुळे सुमारे २२ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले. रुग्णांची रांग लागलेल्या सरकारी रुग्णालयात हीच मदत अधिक मोलाची ठरेल.

ग्रामीण विदर्भात उशीर बहुधा दुर्बिणीपर्यंत पोहोचण्याआधीच होतो. पोट गच्च राहते, जेवण जात नाही. मेडिकलमधून गॅसची गोळी आणली जाते, बरे वाटते आणि महिने निघून जातात. आम्ल कमी करणाऱ्या काही गोळ्यांनी कर्करोगाचा व्रणही वरवर भरल्यासारखा दिसू शकतो. धारणी किंवा भामरागडच्या रुग्णाला अमरावती, सेवाग्राम किंवा नागपूर गाठायचे असते आणि कापूसवेचणीच्या दिवसांत ती फेरी सहज लांबणीवर पडते. भारतात या रोगाचे प्रमाण जपान-कोरियापेक्षा पुष्कळ कमी असल्याने सरसकट सर्वांना दुर्बीण टाकणे योग्य नाही. परंतु उतारवयात नव्याने सुरू झालेले अपचन, घटते वजन, रक्तक्षय किंवा काळी शौच असलेल्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच थेट पाठवले पाहिजे.

पूर्व आशियातील रुग्णांच्या चित्रांवर शिकलेली प्रणाली इथल्या रुग्णांवर आधी पारखून घ्यावी लागते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत वर्धा जिल्ह्याची कर्करोग नोंदणी होते, त्यामुळे प्रणालीने ‘निर्दोष’ ठरवलेल्या कोणाला पुढे कर्करोग झाला का, हे त्या जिल्ह्यात पडताळून पाहता येईल.