कासचा सडा: बोटभर मातीवरचा बहर

कास पठारावर पहिल्यांदा गेलेल्या माणसाच्या तोंडून बहुधा एकच वाक्य येतं: ‘फोटोत तर केवढी फुलं होती!’ फोटो खोटे नसतात. ते काढणारा मात्र जमिनीला छाती लावून पालथा पडलेला असतो आणि त्याच्याकडे लांब पल्ल्याची लेन्स असते. तशा कोनातून मागची-पुढची फुलं एकमेकांना खेटून दिसतात आणि मधली मोकळी जागा नाहीशी होते. आपण उभ्याने वरून बघतो, तेव्हा तीच जागा गवताची आणि दगडांची वाटते. त्यात इथली बरीचशी फुलं नखाएवढी, काही तर मोहरीएवढी. म्हणून कासला पोचल्यावर पहिलं काम म्हणजे पायवाटेच्या कडेला उकिडवं बसणं. डोळे पाच फुटांवरून दोन फुटांवर आले की समोरचं पठार वेगळंच दिसतं.

साताऱ्याच्या पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवरचा हा सडा. सडा म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरचं उघडं, सपाट, खडकाळ पठार. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यांत कासही आहे. इथे सपुष्प वनस्पतींच्या ८५०हून अधिक जाती नोंदल्या गेल्यात. आकडा ऐकून जमीन कसदार असेल असं वाटतं. आहे नेमकं उलट.

पठाराच्या पोटात काळा बेसाल्ट आहे आणि माथ्यावर जांभा. कोकणात भिंतींना ज्याचे तांबडे चिरे लावतात तोच. पावसाने आणि उष्णतेने लाखो वर्षं बेसाल्टमधली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेलं. मागे उरली ती मुख्यतः लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. झाडांच्या पोटाला लागणारं बरंचसं वाहून गेलं आणि राहिला तो गंज. त्यावर माती किती, तर खळग्यात वीतभर, बाकी ठिकाणी बोटाचं पेर बुडेल एवढी. पावसाळ्यात पाणी साचून ही माती चिखलासारखी होते, आणि मार्च-एप्रिलात त्याच खडकावर हात टेकवत नाही. इथे मोठ्या झाडाला मुळं रोवायला जागा नाही, आणि नायट्रोजन-फॉस्फरसची टंचाई असल्यामुळे उंच गवतही माजत नाही. सावली धरणारं आणि जागा बळकावणारं कोणीच नसल्यावर बुटक्यांचं फावतं. ही माती फूटभर खोल आणि खतावलेली असती, तर इथे झुडपं आणि रान वाढलं असतं, फुलं बघायला कोणी आलं नसतं.

बुटक्यांनी या जागेत टिकायचे दोन मार्ग काढले आहेत. एक, चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळं व्हायचं. गेंद, तेरडा, सीतेची आसवं ही या पंथाची. दुसरा, जमिनीखाली कंद ठेवून आठ महिने झोपायचं. मुसळी, कंदीलपुष्पं, हबेअमरीसारखी जमिनीवरची ऑर्किडं हे करतात. पठार कोरडंठाक दिसतं त्या एप्रिलातही ती सगळी तिथेच असतात, आपल्या बुटाखाली.

काहींचा नायट्रोजन मिळवायचा धंदा मात्र जरा हिंस्र आहे. ओल्या खडकावर, पाणी नुसतं झिरपतं तिथे सीतेच्या आसवांचे जांभळे पट्टे दिसतात. फूल सेंटिमीटरभराचं, खालच्या ओठावर पांढरट ठिपका. या वनस्पतीला खरी मुळं नसतातच. ओल्या मातीत तिचे दोऱ्यासारखे धागे पसरलेले असतात आणि त्यांवर साधारण मिलिमीटरभराच्या पिशव्या. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकत राहते, त्यामुळे तिच्या भिंती आत खचतात आणि दार घट्ट बसतं. एखादा सूक्ष्म जीव दाराजवळच्या केसाला लागला की दार आत ढकललं जातं, भिंती फुगून जागेवर येतात आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर जीव आत ओढला जातो. हे सगळं सेकंदाच्या काही हजाराव्या भागात उरकतं. हा सापळा बघायचा तर रोप उपटावं लागेल, म्हणून तो चित्रातच बघावा.

तिच्या शेजारची दवबिंदू ही वनस्पती मात्र उघड्यावर शिकार करते. नाण्याएवढी लालसर पानांची चकती, किंवा गवती दवबिंदू असेल तर बोटभर उंचीची काडी. पानावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला थेंब असतो. बाकीच्या गवतावरचं दव ऊन आल्यावर वाळतं, हे थेंब तसेच चमकत राहतात. ओळखायची सगळ्यात सोपी खूण ही. दहापट भिंग लावलं तर बहुतेक वेळा त्यात पाय अडकलेलं चिलटही सापडतं. दोन्ही वनस्पतींचं फूल सापळ्यापासून लांब, दांड्याच्या टोकाला असतं. परागीभवनाला येणारा पाहुणाच खाल्ला तर बी कसं धरणार?

तेरड्यापाशी जरा थांबावं. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणताना आपण रंगाकडे बघतो, पण गंमत फुलाच्या घशात आहे. नुकत्या उमललेल्या फुलात वरच्या बाजूला पांढरी टोपी दिसते. ते एकमेकांना चिकटलेले पुंकेसर. मागच्या वाकड्या नळीतल्या मधासाठी मधमाशी आत शिरली की टोपीचे पराग तिच्या पाठीला लागतात. पुढे टोपी गळून पडते आणि तिच्याखाली झाकलेला हिरवा स्त्रीकेसर उघडा होतो. म्हणजे एकच फूल आधी नर, मग मादी. स्वतःचे पराग स्वतःलाच लागण्याची भीती बरीच कमी. एका ताटव्यात दोन्ही अवस्थांची फुलं शेजारीशेजारी असतात. मुलांना ‘टोपीवाली किती, बिनटोपीची किती’ मोजायला लावलं तर अर्धा तास सहज जातो.

कधी जायचं? ‘कासचा सीझन’ असा एकच नसतो. जून-जुलैत पांढऱ्या अमरी, मुसळी आणि दीपकाडी, डबक्यांत इंग्रजी वाय अक्षरासारख्या तुऱ्याचा वायतुरा. ऑगस्टच्या अखेरीपासून गेंद, सीतेची आसवं आणि तेरडा. सप्टेंबर पुढे सरकतो तसं पठार पिवळं होत जातं: दोन तांबड्या ठिपक्यांमुळे मिकी माऊस म्हणवली जाणारी स्मिथिया आणि शेवटी सोनकी. टोपली कारवी सात वर्षांनी एकदाच सामूहिक फुलते, तिच्या उपड्या टोपलीसारख्या झुडपांवर एरवी नुसती पानं. तारखा पावसावर हलतात. माती पातळ असल्यामुळे आठवडाभर उघडीप पडली तरी डबकी आटतात आणि गेंद सुकायला लागतात. सलग धुकं-पाऊस राहिला तर बहर लांबतो. महिनाभर आधी तारीख पक्की करणं म्हणूनच जुगार आहे. रोजच्या पर्यटकांची संख्या मर्यादित असते, तेव्हा आगाऊ नोंदणी करावीच, पण शनिवार-रविवार टाळून. सकाळी धुकं असतं. मधमाश्या, फुलपाखरं ऊन पडल्यावरच बाहेर येतात. गवती दवबिंदूचं फूलही उन्हाशिवाय उमलत नाही.

सोबत दहापट भिंग हवंच. लोक ते फुलावर धरून लांबून बघतात, मग काही दिसत नाही. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि चेहरा फुलाकडे न्यायचा. दोन-अडीच सेंटिमीटर अंतरावर चित्र स्वच्छ होतं. पठारावरच्या वाऱ्यात छत्री उलटी होते, रेनकोट बरा. ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं, गुळगुळीत तळव्यांच्या चपला तिथे हमखास दगा देतात. एसी गाडीतून काढलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर लगेच वाफ धरते. पुसून उपयोग नाही, पिशवीतच दहा-पंधरा मिनिटं ठेवून बाहेरच्या हवेइतकी गरम होऊ द्यायची. गेंदाची पांढरी डोकी फोटोत पांढरे डाग होऊन येतात, त्यासाठी एक्स्पोजर थोडं खाली घ्यावं.

राहिला पायाचा प्रश्न. पायवाट सोडू नका हे सगळे सांगतात, कारण क्वचित सांगतात. दोन बोटं मातीवर माणसाचं वजन पडलं की ती दाबून घट्ट होते, झिरपणारं पाणी वाट बदलतं, आणि वार्षिक रोप बी धरायच्या आत तुडवलं गेलं तर पुढच्या वर्षीची रोपं तितकी कमी होतात. त्यात लोक उभे राहायला नेमका फुलं दाट असलेलाच कोपरा निवडतात. गुरांचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. खूर माती तुडवतात हे खरं, पण चराईमुळे गवत आटोक्यातही राहतं. पठाराला घातलेलं तारेचं कुंपण पुढे काढलं गेलं, त्यामागे हाही युक्तिवाद होता. माणसांना रोखणारं कुंपण गुरांना आणि वन्यप्राण्यांनाही रोखतं.

रोप किंवा बी घरी नेऊन कुंडीत लावायचा मोह काहींना होतो. शेणखत घातलेल्या कुंडीत दवबिंदूची आणि सीतेच्या आसवांची मुळं-धागे क्षारांनी जळतात, आणि ज्या टंचाईवर ती जगतात ती टंचाई कुंडीत आणता येत नाही. उलटी वाहतूक तर अधिक वाईट. बुटाच्या खाचांत अडकून आलेलं रस्त्याकडेचं तण इथे रुजू शकतं. गाडीतून उतरल्यावर, आत शिरायच्या आधी, तळवे जुन्या दातघासणीच्या ब्रशने घासायला दोन मिनिटं पुरतात.