इलेक्ट्रॉनिक पडदे आणि खारी हवा

टीव्ही, मोबाइल, होडीवरचा जीपीएस, एसटी स्थानकावरची लाल अक्षरांची पाटी यांत विजेच्या संकेतांवरून चित्र किंवा अक्षरे उमटवणारा भाग म्हणजे इलेक्ट्रॉनिक पडदा. बाजारात त्याला डिस्प्ले किंवा पॅनेल म्हणतात. गेल्या चाळीसेक वर्षांत हा पडदा पातळ, उजळ आणि लवचीक झाला तो नव्या पदार्थांमुळे. त्यांतल्या प्रत्येक पदार्थाची पाण्याशी वागण्याची तऱ्हा निराळी आहे. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या कोकण किनाऱ्यावर ती तऱ्हा लवकर उघडी पडते. इथे पडदा सहसा मधोमध बिघडत नाही. तो कडेने बिघडतो.

हवा. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे लाटांच्या फेसातून उडालेले मिठाचे सूक्ष्म तुषार सोबत आणतात. ते सर्किटावर बसून सुकले तरी काम संपत नाही. शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. समुद्री मिठातल्या मॅग्नेशियम क्लोराइडला तर ३३ टक्केच पुरतात. पावसाळ्यात खड्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते त्याचे कारण हेच. सर्किट बोर्डावर बसलेले मीठ पावसाळाभर ओले असते आणि मे महिन्याच्या दुपारीही पुरते सुकत नाही. ओले मीठ वीज वाहून नेते. दोन शेजारच्या तारांमध्ये विद्युत दाब असला की धन बाजूचे तांबे, चांदी किंवा कथील विरघळते आणि ऋण बाजूला झाडाच्या फांद्यांसारखे वाढत जाते. या फांद्या पलीकडे टेकल्या की शॉर्ट. म्हणून बंद बोर्डापेक्षा चालू बोर्ड खाऱ्या ओलाव्यात लवकर मरतो.

खाडीकाठी आणखी एक भर पडते. कांदळवनातल्या चिखलातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. ओहोटीला येणारा कुजकट वास त्याचाच. हा वायू चांदी काळी करतो, आणि एलईडीच्या आत प्रकाश परतवणारा मुलामा बहुधा चांदीचाच असतो. एलईडीवरच्या सिलिकोनच्या थेंबातून वायू आरपार जातो. खाडीलगतच्या घरात टीव्ही तीन-चार वर्षांत मंद आणि पिवळट दिसू लागला, तर पॅनेलला दोष देण्याआधी बॅकलाइटच्या (पडद्यामागून उजेड देणाऱ्या एलईडीच्या) पट्ट्या उघडून पाहाव्यात.

द्रवस्फटिक पडदा (एलसीडी). द्रवस्फटिक म्हणजे द्रवासारखा वाहणारा, पण रेणूंची मांडणी काहीशी स्फटिकासारखी राखणारा पदार्थ. त्याचे गुणधर्म ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश राइनित्झर यांनी १८८८ मध्ये नोंदवले. त्यातून कामाचा पडदा निघायला १९७० चे दशक उजाडले. रचना अशी: साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या दोन काचा, त्यांत ३ ते ४ मायक्रोमीटरची फट, फटीत द्रवस्फटिक, चारही कडांना इपॉक्सीची अरुंद सीलबंद चौकट, बाहेरून दोन ध्रुवक (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या) फिल्मा आणि मागे एलईडीचा उजेड.

ही काच खिडकीची नव्हे. खिडकीच्या काचेत सोडियम असते. ते आतल्या ट्रान्झिस्टरांत (ठिपक्यांची वीज चालू-बंद करणाऱ्या सूक्ष्म कळींत) शिरले तर त्यांचे वर्तन बदलते. म्हणून पडद्याची काच अल्कलीमुक्त बोरोॲल्युमिनोसिलिकेटची करतात. सिंधुदुर्गात कासार्डे परिसरात सिलिका वाळू निघते, पण वाळू आहे म्हणजे पडद्याची काच होईल असे नाही. शुद्धता, वितळवण्याची पद्धत आणि सपाटपणा यांतच सारी मेख आहे. मोबाइलवरची वरची काच वेगळी असते. तिच्यात सोडियम मुद्दाम ठेवतात आणि वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये सुमारे ४०० अंश सेल्सियसला बुडवून सोडियमच्या जागी मोठे पोटॅशियम आयन बसवतात. पृष्ठभाग दाटीवाटीने आवळला जातो आणि काच कणखर होते.

प्रत्येक ठिपक्यामागे एक पातळ ट्रान्झिस्टर असतो. त्यातला जुना पदार्थ अस्फटिकी सिलिकॉन. त्यात इलेक्ट्रॉनची चलता (विद्युत दाबाखाली सरकण्याची चपळाई) १ चौ. सेंमी प्रति व्होल्ट-सेकंदाच्या आसपास किंवा कमी. लेसरने भाजलेल्या बहुस्फटिकी सिलिकॉनमध्ये ती ५० ते १०० पर्यंत जाते, पण मोठ्या काचेवर हे काम एकसारखे होत नाही. जपानमधील हिदेओ होसोनो यांच्या गटाने २००४ मध्ये इंडियम-गॅलियम-झिंक ऑक्साइडचा अस्फटिकी ट्रान्झिस्टर लवचीक प्लास्टिकवर करून दाखवला. त्याची चलता १० च्या घरात, आणि बंद असताना गळती अगदी नगण्य. त्यामुळे स्थिर चित्र सेकंदाला ६० वेळा पुन्हा लिहावे लागत नाही आणि बॅटरी वाचते.

किनाऱ्यावर एलसीडीची दोन दुखणी नेहमी दिसतात. पहिले ध्रुवकाचे. ध्रुवक म्हणजे ताणलेली पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची फिल्म. तिच्यात आयोडीन बसवलेले असते आणि दोन्ही बाजूंना बहुधा सेल्युलोज ट्रायॲसिटेटचे अस्तर. कडेने ओल शिरली की आयोडीनची मांडणी विस्कटते आणि पडद्याच्या काठाने फिकट किंवा तांबूस पट्टा उमटतो. अस्तर विघटित होऊ लागले तर शिरक्यासारखा वास येतो. हा दोष पुसून जात नाही, फिल्म बदलावी लागते. नव्या पडद्यांत अस्तरासाठी पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिक फिल्म वापरू लागले आहेत, ते याचसाठी.

दुसरे दुखणे उभ्या रेघेचे. काचेवरच्या पारदर्शक वाहकाला (सुमारे ९० टक्के इंडियम ऑक्साइड, १० टक्के टिन ऑक्साइड) डाख लागत नाही. म्हणून चालक चिपची लवचीक पट्टी एका खास चिकटफितीने काचेला जोडतात. या फितीत निकेल-सोन्याचा मुलामा दिलेल्या ३ ते ५ मायक्रोमीटरच्या गोळ्या असतात. उष्णता आणि दाब दिला की गोळ्या फक्त समोरासमोरच्या तारांमध्ये चेपून वीज नेतात, शेजारच्या तारांकडे नेत नाहीत. ओल शिरून या फितीतली इपॉक्सी फुगली की गोळीवरचा दाब सुटतो आणि एक तार तुटते. पडद्यावर एक उभी रेघ कायमची येते. कडेवर बोट दाबल्यावर रेघ जात असेल तर दोष बाँडिंगचा, म्हणजे या जोडाचा. दाबून काहीच फरक नसेल तर टीकॉन बोर्ड (पडद्याला चित्राचे संकेत वेळेवर पुरवणारे सर्किट) आणि त्याची रिबन पाहावी. कडेला कागदाची घडी खुपसून रेघ घालवण्याचा उपाय सर्रास केला जातो. तो फार टिकत नाही आणि काच तडकू शकते.

ओएलईडी (सेंद्रिय एलईडी). १९८७ मध्ये चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कोडॅक कंपनीत दोन सेंद्रिय थरांचा कमी व्होल्टवर उजळणारा दिवा सिद्ध केला. या पडद्यात बॅकलाइट नसतो, ठिपका स्वतःच उजळतो. सेंद्रिय थरांची एकूण जाडी काही शे नॅनोमीटरच असते आणि वरचा ऋणाग्र मॅग्नेशियम-चांदीसारख्या, पाण्याशी चटकन अभिक्रिया करणाऱ्या धातूचा. त्यातल्या एखाद्या सूक्ष्म छिद्रातून पाणी शिरले की तिथे काळा ठिपका पडतो आणि गोल वाढत जातो. म्हणून ओएलईडीच्या आवरणातून दिवसाला दर चौरस मीटरमागे १ ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागापेक्षा जास्त बाष्प जाता कामा नये, अशी कसोटी मानतात. साध्या पॉलिएस्टर फिल्ममधून याच्या दहा लाख पटींहून अधिक बाष्प जाते.

सपाट पडद्यावर काचेचे झाकण ठेवून कड लेसरने वितळवलेल्या काचचुऱ्याने बंद करतात. घडीच्या पडद्याला काच चालत नाही. तिथे सिलिकॉन नायट्राइडसारखा असेंद्रिय थर, मग सेंद्रिय थर, पुन्हा असेंद्रिय, अशी उतरंड रचतात. प्रत्येक असेंद्रिय थरात छिद्रे राहतातच, पण ती एकाखाली एक येत नाहीत. पाण्याला आंबोली घाटासारखी वळणे घेत उतरावे लागते आणि त्यात वर्षे जातात. पडद्याला चीर गेली की हा हिशोब संपतो. चिरलेला एलसीडी किनाऱ्यावर कधी कधी बराच काळ चालून जातो. चिरलेल्या ओएलईडीवर जुलैमध्ये चिरेपासून काळा पट्टा सरकताना दिसतो.

क्वांटम बिंदू, म्हणजे अर्धवाहकाचे काही नॅनोमीटरचे कण (२०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल), रंग शुद्ध करतात, पण त्यांनाही ओल सोसत नाही. त्यांची फिल्म दोन रोधक थरांमध्ये बंद असते. सूक्ष्म एलईडी बहुधा गॅलियम नायट्राइडचे, म्हणजे असेंद्रिय असल्याने पाण्याला तुलनेने दणकट. अडचण मांडणीची. ३८४० × २१६० ठिपक्यांच्या पडद्यावर तीन रंगांचे मिळून सुमारे अडीच कोटी कण जागच्या जागी बसवावे लागतात. इलेक्ट्रॉनिक कागदात (ई-पुस्तक वाचायच्या यंत्रांतल्या पडद्यात) पांढरेपणा येतो तो टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांमुळे. रत्नागिरीच्या पुळणींवरच्या काळ्या रेतीतले इल्मेनाइट हे त्याच टायटॅनियमचे खनिज. काळ्या रेतीतून पांढरा कागद निघतो, ही गंमतच.

होडीवरचा पडदा. हर्णे, मिरकरवाडा, देवगड, मालवण इथल्या होड्यांवर जीपीएस आणि मासे शोधणारे सोनार आता नेहमीचे झाले आहेत. घरातल्या पडद्याची उजळता २५० ते ३५० निट (उजळतेचे एकक) असते. उघड्या डेकवर किमान १,००० निट लागतात. उजेड वाढवण्याइतकेच परावर्तन घटवणे मोलाचे. काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. वरची काच आणि पॅनेल यांमधली फट पारदर्शक सिलिकोनने भरली तर अशा दोन सीमा नाहीशा होतात, आणि त्या फटीत धुके धरण्याचा प्रश्नही मिटतो.

तांडेलाने (होडीच्या चालकाने) ध्रुवकयुक्त गॉगल घातला असेल तर एका ठरावीक कोनातून पडदा ठार काळा दिसतो. बिघाड समजून वायर ओढण्याआधी मान तिरकी करून पाहावी. भर उन्हात मधोमध पडलेला काळा डाग सावलीत निवल्यावर गेला, तर द्रवस्फटिक तापून साधा द्रव झाला होता एवढाच अर्थ. असे वारंवार होऊ देऊ नये.

यंत्रावर लिहिलेला आयपी ६७ हा धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा. त्याचा अर्थ १ मीटर खोल गोड्या पाण्यात ३० मिनिटे. खारे पाणी किंवा पाइपाचा जोरदार फवारा यांची हमी त्यात नाही. पाणी बहुतेकदा पेटीतून नव्हे, जोडणीतून शिरते. म्हणून वायरीला जोडणीच्या आधी खाली झोळ द्यावा, म्हणजे थेंब तिथून गळतात. पिनांना डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारे) ग्रीस लावावे. स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे घ्यावेत. ३०४ चे किनाऱ्यावर तांबारतात. पडदा पुसताना आधी गोड्या पाण्याने भिजवलेल्या फडक्याने मीठ विरघळवावे, मग कोरडे मऊ फडके. मीठ काचेपेक्षा मऊ असते, पण त्यासोबत आलेली वाळू नसते, आणि परावर्तनरोधक लेप दोघांहून नाजूक. अमोनियाचा काच-क्लीनर वापरू नये.

एलईडी पाटी. दुकानांवर, मंदिरांच्या जत्रेत दिसणाऱ्या लाल पाट्या बहुधा पी-१० मॉड्यूलच्या. एक मॉड्यूल ३२० × १६० मिमीचे, त्यात १० मिमी अंतराने ५१२ एलईडी, वीज ५ व्होल्ट. पुढचा भाग सिलिकोनने भरलेला असतो, मागचा बोर्ड उघडा. गंज मागूनच लागतो. संकेत १६ पिनांच्या रिबनने एका मॉड्यूलमधून पुढच्यात जातो, त्यामुळे एक पीन हिरवी पडली की तिथून पुढची सगळी अक्षरे बिघडतात. अक्षरे जिथून बिघडतात तिथली रिबन आधी काढून पाहावी.

नवी पाटी लावण्याआधी मागच्या बोर्डावर ॲक्रिलिक लेप मारावा, ३० ते १३० मायक्रोमीटर. आधी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून पूर्ण वाळवायचा, मग जोडण्यांवर टेप लावायचा. धुण्याची पायरी गाळली तर मीठ लेपाखाली अडकते, बाष्प ओढते आणि लेपाला फोड येतात. न लावलेला लेप परवडला अशी गत होते. बहुतेक लेप अतिनील दिव्याखाली निळसर चमकतात, त्यामुळे राहिलेली जागा लगेच सापडते.

समुद्रात पडलेला फोन. लगेच बंद करावा, चालू होतो का ते पाहू नये, चार्जिंगला लावू नये. बाहेरून गोड्या पाण्याने धुवावा, कारण मीठ आत सुकू देण्यापेक्षा धुतलेले बरे. मग उघडून बॅटरी सोडवावी आणि बोर्ड ९९ टक्के अल्कोहोलने ब्रशने घासावा. तांदळात पुरण्याने मीठ जात नाही. उलट मौल्यवान तास वाया जातात आणि पोर्टमध्ये पिठूळ धूळ शिरते.

मासेमारीबंदी. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर काढल्या की पडदेही उतरवून घरी न्यावेत. पिना अल्कोहोलने पुसून टोपणे लावावीत आणि यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावे. रंग बदललेले जेल तव्यावर किंवा भट्टीत सुमारे १२० अंशांना तापवले की पुन्हा कामाला येते. आठवड्यातून एकदा यंत्र बाहेर काढून तासभर चालवावे. स्वतःच्या उबेने आतली ओल निघते. वातानुकूलित खोलीत मात्र ठेवू नये. बाहेर ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना दवबिंदू २८ अंशांच्या आसपास असतो, आणि २४ अंशांच्या खोलीतून आणलेल्या यंत्रावर क्षणात दव धरते. तसे झालेच तर निदान तासभर ते बंदच राहू द्यावे.