१४४ हर्ट्‌झचा मॉनिटर ६०वर का अडतो?

नवा १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर जोडला, चित्र लख्ख आलं, पण सेटिंगमध्ये ६०च्या वर आकडाच दिसत नाही. संशय आधी मॉनिटरवर जातो, मग ग्राफिक्स कार्डावर. केबलकडे सगळ्यांत शेवटी लक्ष जातं, कारण चित्र तर दिसतंय! पण चित्र दिसणं वेगळं आणि पूर्ण वेगानं दिसणं वेगळं. केबल विकत घेण्याआधी एक गुणाकार करून पाहिला, तर ही फसगत टळते.

१४४ हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं. एका चित्राच्या वाट्याला जेमतेम ७ मिलिसेकंद येतात. २५६० बाय १४४० च्या पडद्यावर सुमारे ३७ लाख ठिपके असतात आणि प्रत्येकाच्या रंगासाठी २४ बिट लागतात. गुणाकार केला की सेकंदाला १२.७ गिगाबिट होतात (एक गिगाबिट म्हणजे शंभर कोटी बिट). दोन ओळी आणि दोन चित्रं यांच्यामध्ये सोडावी लागणारी मोकळी जागा धरली, की हाच आकडा १४ गिगाबिटपर्यंत जातो.

आता पोर्टांकडे, म्हणजे केबल खोचायच्या जागांकडे पाहू. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट हे त्यांचे दोन नेहमीचे प्रकार. एचडीएमआय २.० चा वेग १८ गिगाबिट सांगितला जातो, पण दर ८ बिटांसाठी तारेवरून १० बिट पाठवावे लागत असल्यानं कामाचे १४.४ च उरतात. म्हणजे १४४ हर्ट्‌झ कसेबसे बसतात, १६५ बसत नाहीत. डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये कामाचे १७.२८ गिगाबिट मिळतात, तिथे १६५ बसतात. डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये २५.९२ मिळतात. फोर-के (३८४० बाय २१६०) पडद्याला १२० हर्ट्‌झसाठी सुमारे २५.८ लागतात, म्हणजे अगदी काठोकाठ. १४४ साठी ३१ च्या पुढे जावं लागतं, आणि मग डीएससी या पद्धतीनं चित्र दाबून पाठवावं लागतं. ही सोय कार्ड आणि मॉनिटर दोघांतही हवी. ४८ गिगाबिटचा पूर्ण वेग देणाऱ्या एचडीएमआय २.१ पोर्टातून तेच चित्र न दाबता जातं.

‘पूर्ण वेग देणाऱ्या’ हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. पोर्टावर २.१ लिहिलं म्हणजे ४८ गिगाबिट मिळतीलच असं नाही. जुन्या वेगाच्या पोर्टालाही ते नाव लावायची मुभा आहे. म्हणून मॉनिटरच्या माहितीपत्रकात प्रत्येक पोर्टासमोर जास्तीत जास्त किती हर्ट्‌झ लिहिले आहेत, ते वाचावं. एकाच मॉनिटरवर डिस्प्लेपोर्टला १६५ आणि एचडीएमआयला १४४, असं सर्रास आढळतं.

केबलला खरं तर आवृत्ती नसतेच, तिला दर्जा असतो. एचडीएमआयमध्ये १८ गिगाबिटसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि ४८ साठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’. या दोन्ही दर्जांच्या प्रमाणित केबलच्या खोक्यावर मोबाइलनं स्कॅन करून पडताळता येणारं लेबल असतं. डिस्प्लेपोर्ट २.१ साठी ‘डीपी४०’ (आता त्याच्या जागी ‘डीपी५४’) आणि ‘डीपी८०’ अशी नावं आहेत, आकडा गिगाबिटचा. नुसतं ‘८के’ छापलेलं असलं, तर ती फक्त छपाई समजावी. सोन्याचा मुलामा टोकाला गंज चढू देत नाही, वेगाशी त्याचा काही संबंध नाही.

लांबीला मात्र फार महत्त्व आहे. वारंवारता वाढते तसा तांब्याच्या तारेत सिग्नल लवकर विरतो. डिस्प्लेपोर्ट १.४ साठी २ मीटरच्या आत राहावं, हे उत्तम. डीपी८० च्या साध्या केबल १ मीटरच्या आसपासच असतात.

केबल कमी पडली की लक्षणंही ठरलेली असतात. एचडीएमआयवर काळ्या भागात पांढरे ठिपके चमकतात. डिस्प्लेपोर्टवर पडदा सेकंद-दोन सेकंद काळा होऊन परत येतो. त्या वेळी दोन्ही टोकं वेग पुन्हा ठरवत असतात. जमलं नाही तर वेग खाली आणतात, आणि यादीतून १४४ गायब होतात. काळ्यावरची लाल, बारीक अक्षरं कडांशी फिसकटलेली दिसली, तर जागा वाचवण्यासाठी रंगाची माहिती कापली जात आहे, असं समजावं.

डिस्प्लेपोर्टच्या स्वस्त केबलमध्ये आणखी एक दोष सापडतो. या टोकातली २० क्रमांकाची पिन ३.३ व्होल्टची असते आणि नेहमीच्या केबलमध्ये ती दोन टोकांना जोडायचीच नसते. काही उत्पादक ती जोडतात. मग मॉनिटरमधली वीज उलटी कार्डात शिरते: संगणक बंद केला तरी पंखा किंवा दिवा चालू राहतो, कधी संगणक सुरूच होत नाही. अशी केबल लगेच काढून टाकावी. काढताना टोकावरची कळ पूर्ण दाबावी; आत अडकणारे दोन बारीक हुक असतात, ओढाताण केली तर पोर्टच उखडतो.

यूएसबी-सीमध्ये फसायला जास्त वाव आहे. फोनसोबत येणाऱ्या बऱ्याच केबलमध्ये चार्जिंग आणि यूएसबी २.० पुरत्याच तारा असतात, त्यांतून चित्र जाणारच नाही. डॉकमधून, म्हणजे एका केबलवर अनेक पोर्ट देणाऱ्या जोडणीतून जोडलं, तर माहिती नेणाऱ्या चारपैकी दोन मार्गिका बऱ्याचदा यूएसबीसाठी राखल्या जातात आणि चित्राचा वेग निम्मा होतो. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी साधी केबल उलट दिशेनं चालत नाही.

केबल बदलूनही ६०च दिसले, तर आधी ती मदरबोर्डच्या नव्हे, ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टात आहे ना, ते पाहावं. मग विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन रिफ्रेश रेट निवडावा. तो आपोआप वर जाईलच असं नाही. तिथेही मोठा आकडा नसेल, तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत डिस्प्लेपोर्ट १.१ किंवा १.२ वर अडकवून ठेवलेला आहे का, ते तपासावं.